लाखभर जिरे, नऊ हजार बोटुकली: चूक दाटीची की मुक्कामाची?

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने ३० बाय ३० मीटरच्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रोहू, कटला, मृगळ यांचे १ लाख मिश्र जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, सोडले. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घातला. दिवाळी झाल्यावर जाळं ओढलं तर जेमतेम ९ हजार पिल्लं हाती आली. त्यातली सहा-सातशे चार इंची, बाकीची दीड इंचावरच अडकलेली. ऑगस्टमध्ये दोनदा पहाटे मेलेली पिल्लं काठाला लागली होती. बीज देणारा म्हणतो, तुम्ही दाट टाकलं. शेजारी म्हणतो, पुस्तकात हेक्टरी ३० लाख लिहिलंय, तुम्ही तर विरळच टाकलं. "खरं कोण बोलतंय? आणि पुढच्या वर्षी किती टाकू?"

भाऊ, दोघंही खरंच बोलतायत. तुमचे जिरे सोडले त्या दिवशी विरळ होते आणि तीन आठवड्यांनी तेच दाट झाले. तळं बदललं नाही, पिल्लं बदलली. तुमची चूक आकड्यात कमी आणि मुक्कामात जास्त आहे. एकाच पाण्यात तुम्ही जिऱ्यापासून बोटाएवढ्या पिल्लापर्यंत, म्हणजे बोटुकलीपर्यंत सगळं उरकायला गेलात.

आधी हिशेब मांडू. ३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या भाषेत नऊ गुंठ्यांना किंचित कमी. लाखाला ९०० ने भागलं की चौरस मीटरला ११० जिरे येतात. आता पुस्तकातला आकडा. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेला गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे, तिच्या शिफारशींवरच देशभरातली बरीच बीजकेंद्रं चालतात. मातीच्या संगोपन तळ्यात हेक्टरी ३० ते ५० लाख जिरे, म्हणजे चौरस मीटरला ३०० ते ५००. सिमेंटच्या टाकीत पाणी आणि खाद्य हातात असतं, तिथे हेक्टरी १ ते २ कोटीपर्यंत जातात. शेजाऱ्याने वाचलेला आकडा हा, आणि तो बरोबर आहे. फक्त हे पीक १५ ते २० दिवसांचं आहे, ही ओळ त्याने वाचली नाही किंवा तुम्हाला सांगितली नाही. जिरे पाच-सहा मिलिमीटरचे असतात, ते वीस-पंचवीस मिलिमीटरचे झाले की त्यांना 'बीज' म्हणायचं आणि तिथून हलवायचं. पुढच्या तळ्यात हेच बीज हेक्टरी २ ते ३ लाख, म्हणजे चौरस मीटरला २० ते ३०. तिथे दोन-तीन महिन्यांत ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली तयार होते. आणि खायचा मासा वाढवायचा असेल तर त्या बोटुकलीतली हेक्टरी ५ हजारांच्या आसपास, म्हणजे दोन चौरस मीटरला एक.

३००-५००, मग २०-३०, मग अर्धा. एकाच जातीच्या, एकाच वर्षाच्या माशासाठी.

तुम्ही कांदाही करत असणार, निफाडात कोण करत नाही. रोप गादीवाफ्यावर दाट टाकता, पन्नास-पंचावन्न दिवसांनी उपटता आणि वीतभर ओळींत लावता. कुणी रोप वाफ्यातच ठेवून तिथेच कांदा पोसायची वाट बघत बसलं तर त्याला काय म्हणाल? तुमच्या तळ्यात तेच झालं. लाखातले ३०-४० टक्के जिरे तीन आठवड्यांनी शिल्लक असणार, कारण हाच सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला तुमच्याकडे ३० ते ४० हजार बीज होतं. जागा होती १८ ते २७ हजारांची. जास्तीच्यांची विरळणी तुम्ही केली नाही, म्हणून तळ्याने केली. काठाला लागलेली पिल्लं ही ती विरळणी. कागदाच्या तळाशी बसून कुजली ती तर तुम्हाला दिसलीही नाहीत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण यात भलेभले फसतात. दाट टाकलेल्या तळ्यात निम्मी पिल्लं मेली की उरलेल्यांना जागा आणि खाद्य मिळतं, ती झपाट्याने वाढतात. शेतकरी जाळ्यात चार इंची पिल्लं बघतो आणि म्हणतो, वाढ झकास आहे, एवढं टाकलं तरी चालतं. पुढच्या वर्षी तेवढंच टाकतो. किती टाकले आणि किती निघाले याची वही नसेल तर तुमचे सहाशे चार इंची मासे तुम्हाला खोटं सांगत राहतील.

दाटीने नेमकं होतं काय? पहिला फटका भुकेचा. अंड्यातून निघाल्यावर जिऱ्याच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते, ती तीन दिवसांत संपते आणि नेमकं त्याच वेळी ते आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशवीतून येतात. त्या दिवशी त्यांच्या तोंडात पेंड मावत नाही. त्यांना पाण्यातले सूक्ष्म जीव लागतात, आधी रोटिफर, मग मोईना आणि डॅफ्नियासारखे पाणकिडे. काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घेऊन उजेडाकडे धरा. धुळीचे कण झटके देत वरखाली करताना दिसले तर तळं तयार आहे. नुसतं हिरवट पाणी दिसलं, हालचाल नसली, तर जिऱ्यांचं ताट अजून वाढलेलंच नाही. मी जिरे उतरवायच्या आदल्या संध्याकाळी हा पेला धरतोच. दोनदा आलेली पिशवी शेजारच्या तळ्यात वळवली आहे, कारण माझा पेला रिकामा होता.

मातीच्या तळ्यात शेणखत, पेंड आणि सुपर फॉस्फेट कुजून हे पाणकिडे पोत्याने तयार होतात. तुमच्या कागदाच्या तळ्यात तळाशी माती नाही, गाळ नाही. म्हणून पुस्तकातला मातीच्या तळ्याचा आकडा कागदावर जसाच्या तसा उतरत नाही. मृगळ तर तळाशी चरणारा मासा, त्याला कागद चाटून काय मिळणार? कागदाच्या तळ्यात मी मृगळाचं प्रमाण कमीच धरतो आणि एकूण आकडाही खालच्या टोकाचा घेतो, ५०० नव्हे ३००.

दुसरा फटका असमान वाढीचा, आणि तुमच्या तळ्यात तोच सगळ्यात ठळक दिसतो. लाखात काही पिल्लं पहिल्या आठवड्यातच पुढे निघतात. तोंड मोठं झालं की मोठा किडा खाता येतो, तो खाल्ला की तोंड आणखी मोठं. पेंडीच्या जागी आधी तीच पोहोचतात. विरळ तळ्यात मागे राहिलेली पिल्लं दुसरीकडे चरून भरपाई करतात, दाट तळ्यात दुसरीकडे काही उरलेलंच नसतं. म्हणून दाटीत सरासरी जेवढी घसरते त्याच्या कितीतरी पट फरक ताणला जातो. खाद्य वाढवून हा फरक मिटत नाही, ते वाढीव खाद्यही पुढचीच खातात. एका कोपऱ्यात टाकण्याऐवजी सहा-आठ ठिकाणी, पीठ करून टाकलं तर थोडा फरक पडतो. खरा उपाय मात्र चाळण्याचा.

चाळायची वेळ आली हे ओळखायचा माझा ठोकताळा साधा आहे. दर दहा दिवसांनी नमुन्याचं जाळं फिरवायचं, शंभर पिल्लं परातीत घ्यायची आणि लांबीवर तीन वाट्यांत वेगळी करायची. सगळ्यात मोठं सगळ्यात लहानाच्या दुप्पट झालं असेल तर आता थांबायचं नाही. शंभरांचं वजनही तेव्हाच घ्या, त्यावरच पुढचं खाद्य ठरतं.

तिसरा फटका प्राणवायूचा. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दोन्ही पहाटा याच खात्यात जमा आहेत.

थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. ३० अंशाच्या गोड्या पाण्यात समुद्रकाठी लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे तो आकडा सातवर येतो. म्हणजे सुरुवातच थोडी कमी पैशात. पिल्लांना ५ च्या वर हवा, ३ च्या खाली ती खाणं सोडतात. आता यात हे जोडा: किलोभर वजनाच्या एका माशाला जेवढा प्राणवायू लागतो त्याच्या कितीतरी पट किलोभर वजनाच्या पिल्लांना लागतो. लहान जिवाची भट्टी जोरात चालते. आणि हिरवं पाणी दिवसा प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ माशांबरोबर बसून तो खातं. त्यामुळे सगळ्यात कमी प्राणवायू असतो पहाटे चार ते सहाला. तळ्यात किती पिल्लं मावतात याचं उत्तर दुपारी मिळत नाही. ते पहाटेच मिळतं.

माझी गोष्ट सांगतो. दिंडोरीच्या बाजूला माझं पाच गुंठ्यांचं वाढीचं तळं होतं. १२-१५ हजार बीज त्यात सुखाने राहायचं. एका वर्षी मागणी जोरात होती, मी ४० हजार टाकलं. म्हटलं खाद्य दुप्पट देऊ, सांभाळून घेऊ. वीस दिवस सगळं गोडीत चाललं. पाणी गर्द हिरवं, पिल्लं खाद्यावर तुटून पडायची. मग श्रावणातली ती रिपरिप लागली. तीन दिवस सूर्य नाही. तिसऱ्या रात्री पाऊस थांबला म्हणून मी निवांत झोपलो. साडेचारला जाग आली, बॅटरी घेऊन तळ्यावर गेलो. पाऊस नव्हता, तरी उजेडात पाण्यावर थेंब पडल्यासारखी सगळीकडे वर्तुळं उमटत होती. थेंब नव्हते, तोंडं होती. ४० हजार तोंडं हवेला आ करून. काठाला हात घातला तर पिल्लं पळालीसुद्धा नाहीत.

मोटर चालू करायला गेलो, वीज नव्हती. रात्रीच्या थ्री फेजचं वेळापत्रक ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो, घरचे सगळे आले. उजाडेपर्यंत कटला बहुतेक संपला होता. तो वरच्या थरात राहतो आणि प्राणवायूच्या बाबतीत तिघांत नाजूक. मृगळ बऱ्यापैकी वाचला. सकाळी आठला ऊन पडलं आणि उरलेली पिल्लं अशी फिरायला लागली की जणू काही झालंच नाही. म्हणून तर लोकांना हे कळत नाही. दहा वाजता तळ्यावर येणाऱ्याला फक्त मेलेली दिसतात, तो रोगाचं औषध आणायला धावतो.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. ढगाळ हवेत दुसऱ्या दिवसापासून खाद्य बंद, पिल्लं उपाशी मरत नाहीत. आणि पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायचा. कोपर पाण्याला टेकायच्या बरंच आधी बोटं दिसेनाशी झाली तर हिरवाई जास्त झाली, खत आणि खाद्य आवरायचं, निम्मं नाही तरी चौथाई पाणी बदलायचं. साधारण तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत हात दिसणं ठीक.

अमोनियाचं थोडक्यात. माशाची लघवी म्हणा, कल्ल्यांतून निघणारा अमोनिया म्हणा, तो खाद्यातल्या प्रथिनांतून येतो. जेवढी दाटी तेवढं खाद्य, जेवढं खाद्य तेवढा अमोनिया. तो विषारी किती हे पाण्याच्या सामूवर (pH वर) ठरतं. सामू ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, ९ वर गेला की गरम पाण्यात चाळीस भागांच्या आसपास जातो. गर्द हिरव्या पाण्याचा सामू दुपारी सहज ९ ला टेकतो. म्हणून दाट तळ्यात पहाटेची भीती प्राणवायूची आणि दुपारची अमोनियाची. पिल्लं दुपारी सुस्त आणि कल्ले काळसर-तांबूस दिसले तर हा संशय आधी घ्या. कागदाच्या तळ्यात ओलं शेण थेट टाकू नका. टाकायचंच तर चार-पाच दिवस भिजवून, वरचं पाणी गाळून द्या.

रोगाबद्दल एकच. अंगाला घासली जाणारी पिल्लं परजीवींची देवाणघेवाण करतात. कल्ल्यांवरचा ट्रायकोडिना मला विरळ तळ्यात क्वचित आणि दाट तळ्यात हमखास दिसला आहे. औषधाच्या दुकानात जायच्या आधी पिल्लं मोजा.

आता खास आपल्याकडचा मुद्दा, जो कुठल्याही पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही. तुमचं शेततळं मुळात माशांचं नाही, बागेचं आहे. ३० बाय ३० बाय ३ चं तळं तुडुंब असेल तर उतार धरून त्यात २० लाख लिटरच्या आसपास पाणी असतं. ऑक्टोबर छाटणीपासून ठिबक चालू होतं, पावसाने ताण दिला तर आधीच. पाणी तीन मीटरवरून दीड मीटरवर आलं की उतारामुळे पाणी निम्म्याहूनही खाली जातं, आणि मासे तेवढेच राहतात. तुम्ही एकही पिल्लू वाढवलं नाही, तरी दाटी दुपटीपेक्षा जास्त झाली. सिन्नर-येवल्याकडे तर मार्चमध्ये तळाचा कागद दिसायला लागतो. म्हणून शेततळ्यात बीजाचा आकडा भरलेल्या तळ्यावर काढायचा नाही. ज्या महिन्यात पिल्लं काढायची त्या महिन्याची पाणीपातळी डोळ्यांसमोर आणायची आणि त्यावर काढायचा. मी शेतकऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, "ठिबकचा फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपचं पाण्यातलं तोंड) किती खोलीवर आहे?" पुष्कळांना तो सांगता येत नाही. (फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधली नसेल तर पिल्लं थेट फिल्टरमध्ये सापडतात, हेही अनुभवाचं.)

द्राक्षवाल्यांसाठी आणखी एक. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) टाकीची धुणावळ तळ्याच्या बाजूला वाहू देऊ नका. मोरचुदातलं तांबं पिल्लांना फार थोड्या मात्रेतही बाधतं, आणि आधीच दाटीने दमलेल्या पिल्लांना त्याहून थोड्यात.

मग विरळ टाकलेलं चांगलं का? तसंही नाही, आणि इथे शेजाऱ्याच्या बाजूने बोलायला हवं. तळ्यात पाणकिडे भरपूर आणि जिरे मूठभर असतील तर किडे मोठे होतात, त्यातले सायक्लॉप्ससारखे काही उलटे जिऱ्यांनाच खातात. पाण्यावर उताणे पोहणारे पाणढेकूण तर एकेक करून जिरे टिपतात. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी तेल आणि साबणाचं मिश्रण पाण्यावर पसरायचं ते यांच्यासाठीच. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, म्हणजे तुमच्या नऊ गुंठ्याला पाच किलो तेल, दीड-पावणेदोन किलो साबण. वारा पडलेला असताना टाका. पाण्यावर पातळ थर बसला की त्यांना श्वासाला वर येता येत नाही. शिवाय निफाडकरांना पाणकावळ्यांबद्दल मी काय सांगू? आपलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. आपल्याला अभिमान आहेच, पण त्या पाणकावळ्यांना रामसरची हद्द ठाऊक नाही. पहाटे हवेसाठी वर आलेली दाट पिल्लं म्हणजे त्यांना वाढलेलं पान. तळ्यावर दोन-दोन हातांवर दोऱ्या ताणा.

आणि दाटी कधीकधी मुद्दामही केली जाते. आंध्रातले मत्स्यशेतकरी बीज दाट ठेवून, खाद्य आवरून आठ-दहा महिने जाणूनबुजून खुरटं ठेवतात. वर्षाची झालेली ही पिल्लं मोठ्या तळ्यात विरळ सोडली की मागची भूक भरून काढत झपाट्याने वाढतात. खुरटलेलं म्हणजे वाया गेलेलं नव्हे, जिवंत आणि निरोगी असेल तर त्याची वाढ फक्त पुढे ढकललेली असते. तुमच्या दीड इंची आठ हजारांकडे याच नजरेने बघा. त्याकडे शेवटी येतो.

पुढच्या वर्षी काय करायचं. शेततळ्याच्या शेजारी १० बाय १० मीटरचा, दीड मीटर खोल खड्डा काढा आणि जुना कागद टाका. फाटका नसला म्हणजे झालं. १०० चौरस मीटरला ३०० ते ५०० ने ३० ते ५० हजार जिरे. पहिलं वर्ष आहे, ४० हजार घ्या. लाखाचे पैसे वाचले. तळाशी चार बोटं शेतातली माती पसरा, पाणी एक मीटर भरा, तेही गाळून. पेंड भिजवून तिचं पाणी आठवडाभर आधीपासून द्या म्हणजे पाणकिडे धरतील.

जिरे आले की पिशवी लगेच फोडायची नाही. पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, मग तिरकी करा. ती आपणहून निघतात. सोडायच्या आधी मोजून घ्या. एका मिलिलिटरमध्ये कार्पचे, म्हणजे रोहू-कटला-मृगळ या गटातले, साधारण ५०० जिरे बसतात, त्यामुळे गाळणीच्या छोट्या वाटीने मापता येतं. वाटी पाण्याने भरलेली नको, निथळलेली हवी, निम्मी फसवणूक तिथेच होते. लाखाची पिशवी ७० हजारांची निघाली तर तुमचं दाटीचं सगळं गणित पहिल्याच दिवशी चुकतं, आणि दोष मात्र पाण्याला जातो.

खाद्य लाखाला दिवसाला ६०० ग्रॅम पहिले पाच दिवस, त्यापुढे १ किलो २०० ग्रॅम, पेंड आणि कोंडा समसमान, वस्त्रगाळ. तुमच्या ४० हजारांना म्हणजे आधी २४० ग्रॅम, नंतर ४८० ग्रॅम. पंधरा दिवसांचं सगळं मिळून सहा किलो होतं. लोक पोतं आणतात आणि पोतंच संपवतात, तिथेच पाणी बिघडतं.

अठराव्या-विसाव्या दिवशी सकाळी लवकर बारीक जाळ्याने काढा. आदल्या दिवशी खाद्य बंद. १२ ते १६ हजार निघतील असं धरा. मोठं, मधलं, लहान चाळून घ्या. मोठं आणि मधलं ९०० मीटरच्या तळ्यात सोडा, लहान तिथेच खड्ड्यात किंवा तळ्यात हापा (जाळीचा पिंजरा) बांधून त्यात दहा-पंधरा दिवस आणखी ठेवा. मोठ्या तळ्यात चौरस मीटरला १५ च्या आसपास बसतील. कागदाच्या आणि उपसा होणाऱ्या तळ्याला ते पुरे. जुलैच्या मध्यावर जिरे सोडले तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हे स्थलांतर होतं, आणि ऑक्टोबर संपताना ६०-७० टक्के जगली तरी आठ-दहा हजार एकसारखी बोटुकली हातात असेल. या वर्षीएवढाच आकडा, निम्म्याहून कमी जिऱ्यांत. फरक असा की ती सगळी विकता येतील. धरणात सोडायला सहकारी संस्थांना ८० मिलिमीटरच्या वरचीच बोटुकली हवी असते, दीड इंची तिथे खाऊ म्हणून जाते.

ऑक्टोबरअखेर हा मुहूर्त चुकवू नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ५-६ अंशांवर आल्याच्या बातम्या डिसेंबर-जानेवारीत दरवर्षी येतात. पाणी हवेइतकं थंड होत नाही, पण १८ अंशांच्या खाली गेलं की कार्प जवळजवळ खाणं बंद करतो. दाटीने ज्या तळ्याचा महिना मागे पडला, त्याचे प्रत्यक्षात चार महिने जातात, कारण मधे थंडी येऊन बसते. कोकणात हा हिशेब असा कडक नाही, निफाडात आहे. म्हणूनच पंगससारखा उष्णतेचा मासा दाट चालतो, हवेतून श्वास घेतो, हे ऐकून इथे आणू नका. दाटी त्याला सोसते, इथला पौष सोसत नाही. बायोफ्लॉकच्या (सतत हवा देऊन पाण्यात जिवाणू पोसणाऱ्या) टाकीत शेकड्याने पिल्लं ठेवणाऱ्यांचे व्हिडिओही बघितले असतील. तिथे दाटीची किंमत विजेत मोजतात. हवेचा पंप तासभर बंद पडला तर टाकी संपते. तुमच्याकडे रात्रीच्या विजेची खात्री असेल तर बोलू.

आता तळ्यात आहेत त्यांचं. थंडी वाढायच्या आत एकदा जाळं ओढा आणि ती सहाशे चार इंची वेगळी काढून विका, ती तिथे राहिली तर बाकीच्यांचं खाद्य खात राहतील. उरलेल्या आठ हजारांपैकी वाकड्या पाठीची, डोकं मोठं आणि अंग सुईसारखं झालेली टाकून द्या, ती आता सुधारत नाहीत. बाकीची मिठाच्या २ टक्के पाण्यात मिनिटभर बुडवून परत सोडा. डिसेंबर-जानेवारीत खाद्य दुपारी एक ते तीनमध्येच, वजनाच्या एका टक्क्याच्या आसपास, आणि खाल्लं नाही तर त्या दिवशी बंद. बागेला पाणी देताना दीड मीटरची खूण कागदावर रंगवून ठेवा, त्याखाली जायची वेळ आली तर आधी मासे कमी करा, मग मोटर चालू करा. फेब्रुवारीत पाणी तापलं की ज्यांच्याकडे बारमाही तळं आहे त्यांना ही वर्षाची पिल्लं हवी असतात. चाळीस-पन्नास नगांचा नमुना ताटात घेऊन दाखवा, लांबी सारखी दिसली की भाव तेच लोक बोलतात. तुमच्या स्वतःच्या तळ्यात एप्रिल-मेपर्यंत पाणी टिकत असेल तर साडेचारशेच ठेवा, पाचशे नको.